दोषांपलीकडचे भय

प्रस्तुत लेखक चित्रपटकलेचा अभ्यासक नव्हे. सवड मिळेल तेव्हा चित्रपट पाहणारा एक सामान्य प्रेक्षक आहे. अशा प्रेक्षकाला रहस्यपट आवडतो, तो बहुधा त्यातील कोडे शेवटी सुटते म्हणून. खुनी सापडतो, दिवे लागतात आणि आपण निर्धास्तपणे घरी येतो. पण काही चित्रपट असे असतात, की त्यांतील दोष डोळ्यांत भरूनही ते मनातून जात नाहीत. १९६० साली काही महिन्यांच्या अंतराने आलेले आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ आणि मायकेल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ हे दोन चित्रपट या जातीचे आहेत.

‘सायको’चा शेवट सदोष आहे, हे मान्य केलेच पाहिजे. एक मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि वर्गात धडा समजावून द्यावा तसा नॉर्मन बेट्सच्या मनाचा उलगडा करतो. ज्या अंधाराने आपल्याला ग्रासले होते, त्याला या व्याख्यानाने एक सोयीचे नाव मिळते. परंतु त्याच चित्रपटात याआधी एक क्षण येऊन गेलेला असतो. मॅरियनचा मृतदेह ठेवलेली मोटार नॉर्मन दलदलीत लोटतो. बुडता बुडता ती मध्येच थबकते. आपला श्वास रोखला जातो, आणि ती बुडावी असेच आपल्याला वाटते! नॉर्मन आईचा गुन्हा झाकतो आहे, अशी तेव्हा आपली समजूत असते हे खरे. पण जिच्यासाठी आताच मन हळहळले, तिला आपण किती सहज सोडून दिले!

‘पीपिंग टॉम’चा नायक मार्क स्त्रियांचा खून करतो आणि त्यांच्या मुद्रेवरील भीती कॅमेऱ्याने टिपतो. त्याच्या शास्त्रज्ञ पित्याने भयाच्या अभ्यासासाठी लहानपणी त्याच्यावरच प्रयोग केलेले असतात. सारे खापर बापाच्या माथी फोडणारी ही कारणमीमांसा फारच सरळसोट आहे. मात्र त्या पित्याची भूमिका पॉवेलने स्वतः केली आणि बाल मार्क म्हणून आपल्याच मुलाला उभे केले. आरोपीच्या पिंजऱ्यात दिग्दर्शक प्रथम स्वतः शिरला; मागोमाग त्याने प्रेक्षकालाही आत ओढले. ब्रिटिश समीक्षकांनी अशी झोड उठवली, की पॉवेलची कारकीर्द त्यातून पुरती सावरली नाही. हिचकॉकने जे लपवून सांगितले, ते पॉवेलने उघड सांगितले, एवढाच काय तो त्याचा अपराध!

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. पुण्यात १९७६-७७ मध्ये दहा जणांचे बळी गेले आणि १९८३ साली चौघांना फाशी झाली. त्या घटनांवर बेतलेला ‘माफीचा साक्षीदार’ १९८६ साली आला. लोकांच्या तोंडी ते हत्याकांड जोशी-अभ्यंकर या बळींच्याच नावाने राहिले. चित्रपटाचे शीर्षक मात्र गुन्हेगारांच्या साथीदाराकडे गेले. खून करणाऱ्याचे मन कॅमेऱ्याला खुणावते. मरणारा मात्र कथेला गती देऊन पडद्याआड जातो.

अशा चित्रपटांवर बंदी घाला, असे येथे सुचवायचे नाही. कथेतील दोष क्षम्य असतात. पण दुसऱ्याच्या मरणाची आपण तिकीट काढून मौज पाहिली, ही जाणीव जो चित्रपट होऊ देत नाही, तो कितीही बांधेसूद असला तरी त्याचा दोष अक्षम्यच म्हणावा लागेल.