पहिला मोठा कॅमेरा

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ मंडलात पोचेरा येथे सुमारे 20 मीटर उंचीचा धबधबा आहे. तो पाहावयास येणारा प्रवासी हल्ली खिशातील मोबाइल काढून क्षणात छायाचित्र टिपतो. त्याच खडकावर एखादा होतकरू छायाचित्रकार तिपाई रोवून, डोक्यावर काळे कापड ओढून अर्धा अर्धा तास खोळंबलेला दिसला, तर हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

या प्रांताला हा खटाटोप नवा नाही. बोथ निजामाच्या राज्यात होते त्या काळी सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (1844–1905) मोठमोठ्या काचेच्या प्लेटांवर चित्रे घेत. त्या वेळी प्लेट कागदावर ठेवूनच प्रत काढावयाची असे. म्हणून जेवढी प्लेट तेवढेच चित्र. कॅमेरा मोठा असणे ही तेव्हा निकड होती. आज ती निकड उरलेली नाही. तरीही मोठा कॅमेरा टिकून आहे, तो मुख्यतः त्याच्या अंगी असलेल्या हालचालींमुळे.

या कॅमेऱ्याची रचना अगदी सोपी आहे. पुढे भिंगाची फळी, मागे धुरकट काच व तिच्या जागी बसणारी फिल्म, आणि दोहोंमध्ये घड्यांचा भाता. साध्या कॅमेऱ्यात भिंग व फिल्म एकमेकांसमोर कायमची जखडलेली असतात. येथे ती मोकळी असतात. काचेवर चित्र उलटे दिसते. खाली डोके वर पाय असे ते पाहण्याची सवय लागावयास काही दिवस जातात.

पहिली हालचाल सरकविण्याची. अरुंद गल्लीत दुमजली घरासमोर उभे राहून कॅमेरा वर रोखला की घराच्या भिंती माथ्याकडे एकमेकींवर कलल्यासारख्या दिसतात. यावर उपाय असा की कॅमेरा ओळंब्यात सरळ ठेवावा आणि केवळ भिंगाची फळी वर उचलावी. छप्पर चित्रात येते व भिंती ताठ उभ्या राहतात. यास ‘राइज’ म्हणतात. मध्येच विजेचा खांब आडवा येत असेल, तर कॅमेरा बाजूस मांडून भिंग तेवढे घराकडे सरकवावे. ही झाली ‘शिफ्ट’.

दुसरी हालचाल झुकविण्याची, म्हणजे ‘टिल्ट’. उन्हाळ्यात पाणी ओसरून खडकांचा सपाट पसारा उघडा पडला, की पायाजवळच्या भेगेपासून दूरच्या काठापर्यंत सारे रेखीव यावे, अशी इच्छा होते. भिंग थोडे अंश पुढे झुकविले की ही इच्छा पुरी होते. कारण असे की फिल्मचे प्रतल, भिंगाचे प्रतल आणि रेखीव दिसणारे प्रतल ही तिन्ही वाढविली असता एकाच रेषेत मिळतात. उंचावरून घेतलेल्या चित्रांवरून नकाशे करण्याच्या खटपटीत असलेला ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग याने 1904 च्या सुमारास हा नियम मांडला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. लांब जाणाऱ्या भिंतीसाठी हेच तत्त्व भिंग डावीउजवीकडे वळवून वापरतात. त्यास ‘स्विंग’ म्हणतात.

परंतु नवशिका नेमका येथेच फसतो. खडक जमिनीसारखा आडवा आहे; धबधबा भिंतीसारखा उभा आहे. रेखीव प्रतल खडकावर निजविले, की धबधब्याचा माथा त्यातून निसटतो. अशा वेळी झुकाव कमी करून भिंगाचे छिद्र लहान करणे, एवढेच हाती राहते. हालचालींनी रेखीवपणाची जागा बदलते. तो हवा तेवढा वाढविता येत नाही. आणखी एक भेद ध्यानी धरावा. पुढचे भिंग झुकविले तर रेखीव प्रतल बदलते, वस्तूंचा आकार जवळजवळ तसाच राहतो. मागची काच झुकविली तर दोन्ही बदलतात.

आता निवडीकडे वळू. एका दांडीवर बसविलेल्या कॅमेऱ्यात सर्व हालचाली भरपूर मिळतात, पण तो जड व अवघड असतो. घरातील व स्टुडिओतील कामास तो उत्तम. घडी होणाऱ्या लाकडी कॅमेऱ्यात हालचाली थोड्या, पण तो पाठीवर टाकून धबधब्यापर्यंत उतरता येते. आकार 4×5 इंचांचा बरा. 8×10 इंचांच्या एका फिल्मला त्याच्या चौपट क्षेत्र लागते व खर्चही त्याच मानाने वाढतो. भिंग 150 मिलिमीटरचे घ्यावे, परंतु त्याचे प्रकाशवर्तुळ पाहूनच. 4×5 चा कर्ण सुमारे 160 मिलिमीटर भरतो. वर्तुळ तेवढेच असेल, तर फळी उचलताच चित्राचे कोपरे काळे पडतात. वर्तुळ 200 मिलिमीटरच्या पुढचे असावे.

जुन्या बाजारात केरळातील आलेप्पीस बनलेला सागवानी ‘वागीश्वरी’ कॅमेरा कधी दृष्टीस पडतो. एके काळी देशभरच्या स्टुडिओंत तो असे. जुना कॅमेरा घेताना अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत विजेरी लावून पाहावी. सुईएवढ्या छिद्रातून प्रकाश आला तरी फिल्म वाया जाते. शिवाय असे कॅमेरे पुष्कळदा हाफ-प्लेट वा फुल-प्लेट मापाचे असतात आणि त्या मापाची फिल्म सहज मिळत नाही. स्वस्तात मिळालेले सुंदर लाकूड मग कपाटातच राहते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी, पहिली दहा चित्रे कशाची घ्यावयाची, हे कागदावर लिहून काढावे. दहांपैकी आठ घरांची असतील तर फळी किती वर उचलता येते ते पाहावे. आठ रानातली असतील तर वजन पाहावे. चित्रे आधी ठरली, की कॅमेरा निवडणे अवघड राहत नाही.