भांडू द्यावं का?

आमच्या घरी दोन कुत्र्या आहेत, चंपी आणि राणी. राणी लहान होती तेव्हा दोघी एकाच पोत्यावर झोपत. राणी दोन वर्षांची झाली आणि एके दिवशी दारावरची घंटा वाजताच दोघी एकमेकींवर तुटून पडल्या. ‘भांडू द्या, मोठी कोण ते ठरलं की गप्प होतील,’ असं अनेकांनी सांगितलं. आम्ही ऐकलं. आठवड्याभरात चंपीचा कान फाटला आणि भांडणं वाढतच गेली. असं का झालं?

या सल्ल्यामागे लांडग्यांविषयीची एक जुनी समजूत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. बंदिस्त जागेतल्या त्या लांडग्यांत वरच्या स्थानासाठी झुंजी होत. त्यावरून कळपाचा म्होरक्या मारामारीनेच ठरतो असं मानलं गेलं, आणि कुत्र्यांनाही तेच लावलं गेलं. पण डेव्हिड मीच यांनी कॅनडातल्या एल्समीअर बेटावर रानातले लांडगे अनेक उन्हाळे पाहिले. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे त्यांनी १९९९ साली मांडलं. आईबाप पुढे असतात ते आईबाप म्हणूनच. त्यासाठी झुंज जिंकावी लागत नाही.

मग आमच्या घरात भांडण कशाचं होतं? घंटा वाजली की दोघी दाराकडे धावत. बाहेरच्या माणसापर्यंत पोचता येत नसे, आणि तो आवेग शेजारी असलेलीवर निघे. कधी कारण खाणं असतं, कधी झोपायची जागा, कधी अंगातलं दुखणं. शिवाय प्रत्येक भांडण हा एक धडाच असतो. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांच्या तोंडाला खाण्याच्या नुसत्या खुणेने पाणी सुटे. तसंच राणीला चंपीच्या नुसत्या दिसण्याने वेदना आठवू लागली. भांडू देणं म्हणजे भांडणाचा सराव देणं.

उपायही याच नियमातून निघतो. आधी पशुवैद्याकडून दोघींना तपासून घेतलं. मग भांडण घडूच नये अशी सोय केली: जेवण वेगळ्या खोल्यांत, हाडं उचलून ठेवलेली, एक मोकळी असताना दुसरी बंद दाराआड, आणि काही तासांनी अदलाबदल. त्यानंतर अंगणात दोन माणसं, दोन दोऱ्या आणि मध्ये भरपूर अंतर. चंपी दिसली की राणीला पोळीचा तुकडा, दिसेनाशी झाली की तुकडा बंद; चंपीलाही तसंच. अंतर हळूहळू कमी केलं. अंग ताठ झालं किंवा नजर रोखली गेली की मागे सरायचं. गुरगुरण्याबद्दल मारायचं नाही. माराने सूचना थांबते, राग थांबत नाही.

तरीही जुंपलीच तर मध्ये हात घालू नये; पाणी ओतावं किंवा मध्ये फळी सरकवावी. माणसाला चावा बसला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस घ्यावी.

आज दोघी दहा पावलांच्या अंतराने शांतपणे फिरतात. त्यांची मैत्री झालेली नाही, आणि आम्ही त्यांना एकट्या सोडत नाही. घरातलं एक दार कायम बंद असतं. एवढ्यावर दोघी सुखात आहेत.

मुलांना रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या भेटी दुरून, खिडकीतून पाहायला सांगावं. शेपटी, कान, नजर यांची नोंद ठेवावी. किती भेटी चाव्याशिवायच संपतात, हे त्यांचं त्यांनाच मोजू द्यावं.