कोअर शॉपमधील सामू

इंजिनाच्या ओतीव भागांतील पोकळ्या घडविणारे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, ‘कोल्ड बॉक्स’ पद्धतीने करताना रेझिन लावलेल्या वाळूतून अमाइनची वाफ फुंकली जाते. कोअर काही सेकंदांत कडक होतो, परंतु अमाइन केवळ उत्प्रेरक असल्याने खर्ची न पडता बाहेर येते आणि कुजलेल्या मासळीसारखा तिचा वास कोअर शॉपमध्ये कोंदतो. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीसारख्या फौंड्रीच्या पट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. मशीनपाशी उभ्या कामगाराला पाळी संपता संपता दिव्यांभोवती निळसर धूसर वलय दिसू लागते, तेव्हा ट्रायइथाइलअमाइनने त्याच्या पारपटलाला, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, सूज आणलेली असते. ती काही तासांत उतरते खरी. पण रात्रपाळीनंतर पुणे-बंगळूर महामार्गावरून दुचाकीने घर गाठणाऱ्यासाठी नेमके तेच तास मोलाचे असतात.

ही वाफ हुडाने ओढून स्क्रबरच्या मनोऱ्यात नेली जाते, जिथे वरून सल्फ्युरिक आम्लाचे विरल द्रावण कोसळत असते. क्लोरीन किंवा सल्फर डायऑक्साइडला कॉस्टिक लागते; अमाइन स्वतःच अल्कधर्मी असल्याने येथे आम्ल लागते. सामू, अर्थात पीएच, १०.७ असताना निम्मी अमाइन मुक्त असते आणि सामू एकाने उतरला की मुक्त अंश सुमारे दहापट घटतो, म्हणून ७ वरही ती जवळजवळ सगळी बांधली गेलेली असते. मग सामू २ च्या आसपास ठेवण्याचा आग्रह का? कारण सामू आम्लाची शिल्लक सरळ सांगत नाही. २ सामूचे एक लिटर द्रावण एक ग्रॅमहून थोडी अधिक अमाइन पचवू शकते. ४ वर त्या क्षमतेचा शंभरावा भागही उरत नाही. आकडा २ वरून ४ वर सरकणे मीटरवर किरकोळ वाटते, प्रत्यक्षात टाकी रिती झालेली असते, आणि पुढच्या काही फुंकरींत सामू उसळतो. आम्ल सोडणारा पंप ५ वर सुरू होईल असा बेत करणारा आराखडा म्हणूनच चुकीचा म्हणावा लागतो.

अमाइनचे क्षार साचलेले द्रावण अखेर काढावे लागते. त्यात कॉस्टिक घालून सामू ११ च्या वर नेला की अमाइन पुन्हा मुक्त होते व ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येते. हे काम बंद भांड्यातच व्हायला हवे. तसेच २ चा आकडा कितीही काटेकोर राखला, तरी हुडाबाहेर निसटलेल्या वाफेला तो लागू नाही, आणि साचा उघडून ताजा कोअर हातात घेणारा कामगार हुडाबाहेरच वाकलेला असतो.