‘न’ आणि ‘म’ यांच्या मधला ‘ह’

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त काही महिने जपानला जायचं ठरलं, म्हणून चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसलो. जपानी लिखाणात तीन प्रकारची अक्षरं एकत्र नांदतात. चिनी भाषेतून आलेली कांजी, परभाषेतल्या शब्दांसाठी काताकाना आणि प्रत्यय, क्रियापदांची रूपं व अनेक साधे शब्द लिहिण्यासाठी हिरागाना. जपानी मुलं हिरागानापासूनच सुरुवात करतात. तिची मूळ अक्षरं फक्त ४६.

पुस्तकातला तक्ता उघडला आणि आश्चर्य वाटलं. पहिली ओळ आ, इ, उ, ए, ओ. पुढच्या ओळींची पहिली अक्षरं का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. शेवटी एकटा ‘न्’. ही तर आपल्याच वर्णमालेची सावली! हा योगायोग नाही. संस्कृत मंत्र सिद्धम् नावाच्या भारतीय लिपीत लिहिले जात आणि बौद्ध भिक्षूंबरोबर ते चीनमार्गे जपानला पोचले. इ. स. ८०४ मध्ये चीनला गेलेला कूकाई हा भिक्षू त्यांतला एक. उच्चारस्थानानुसार ध्वनी मांडण्याची पद्धत या अभ्यासातून तिकडे रुजली.

पण तक्ता नीट पाहा. आपल्याकडे त-वर्गानंतर प-वर्ग येतो, म्हणजे ‘न’नंतर ‘प’ आणि शेवटी ‘म’. जपानी तक्त्यात ‘प’च्या जागी ‘ह’ बसला आहे. का बरं? पुढे वाचण्याआधी क्षणभर विचार करा.

दुसरा पुरावा लिपीतच आहे. ‘का’च्या डोक्याशी उजवीकडे दोन छोट्या रेघा दिल्या की ‘गा’ होतो, ‘ता’चा ‘दा’ होतो. म्हणजे या रेघा अघोष ध्वनीला घोष करतात. त्याच रेघा ‘हा’ला दिल्या तर? होतो ‘बा’! पण ‘ब’चा अघोष जोडीदार तर ‘प’. तिसरा पुरावा १६०३ साली नागासाकीत छापायला घेतलेल्या जपानी-पोर्तुगीज शब्दकोशाचा. त्यात आजचे ‘ह’चे शब्द ‘फ’सारख्या ध्वनीच्या रोमन अक्षराने लिहिले आहेत. तिन्ही पुरावे एकत्र ठेवले की उलगडा होतो. हा ध्वनी एके काळी ‘प’ होता, त्याचा ‘फ’ झाला आणि पुढे ‘ह’. उच्चार बदलला, तक्त्यातली जागा मात्र तीच राहिली. खडकातल्या जीवाश्मासारखी.

क्रम ओळखीचा म्हणून लिपी सोपी जाईल असं मला वाटलं होतं. ते खोटं ठरलं. आपल्याकडे ‘क’ ओळखला की मात्रा लावून का, की, कू वाचता येतात. हिरागानात का, कि, कु, के, को ही पाच स्वतंत्र चिन्हं आहेत आणि त्यांत काहीच सामायिक नाही. चिनी अक्षरं भरभर लिहिता लिहिता नवव्या शतकाच्या सुमारास ही वळणं तयार झाली. ‘का’ ज्या अक्षरापासून आला, त्याचा अर्थ ‘मिळवणे’, म्हणजे बेरीज. त्यामुळे आकारावरून ध्वनीचा अंदाज बांधता येत नाही.

त्यात सारखी दिसणारी अक्षरं. ‘नु’च्या शेवटी छोटी गाठ असते, ‘मे’ला नसते. ‘इनु’ म्हणजे कुत्रा, तो मी कित्येकदा ‘इमे’ वाचला. ने, रे आणि वा यांची डावी बाजू जवळजवळ एकच, फरक फक्त शेपटीत. ‘रु’ आणि ‘रो’ यांचंही तेच. आठवडाभर रोज तीच चूक होत राहिली, तेव्हा पहिलीतली मुलं डोळ्यांपुढे आली. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळणाऱ्या मुलाला आपण ‘लक्ष कुठंय?’ म्हणून दटावतो. माझं तर सगळं लक्ष तिथंच होतं! डोळ्यांना फरक दिसत होता, पण त्यातला कोणता महत्त्वाचा हे मेंदूला अजून ठरवता येत नव्हतं.

उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. सारखी अक्षरं शेजारी लिहून नेमका फरक शब्दांत सांगायचा. आणि तक्ता पुन्हापुन्हा वाचण्याऐवजी तो झाकून आठवायचा. आज, उद्या, मग तीन-चार दिवसांनी. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विस्मरणाचा अभ्यास केला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका दमात घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

शिक्षकांनी हा प्रयोग स्वतःवर जरूर करून पाहावा. रोज पाच नवी अक्षरं घ्या, दुसऱ्या दिवशी न पाहता लिहा आणि चुकलेल्या अक्षरांची वही ठेवा. महिन्याभराने ती वही वर्गातल्या मुलांच्या वह्यांशेजारी उघडून पाहा.