रव्यातला उलटा ग

परातीत पसाभर रवा पसरला होता आणि माझी तीन वर्षांची भाची त्यात बोट फिरवत होती. सकाळी आजीनं दाखवलेला ‘ग’ तिला काढायचा होता. आधी तिनं उभी काठी ओढली, मग काठीच्या उजव्या अंगाला एक वाटोळी गाठ मारली. “अगं, उलटा आला की,” आजी म्हणाली. पोरीनं मान वाकडी करून पाहिलं. “उलटा नाही. तो तिकडे बघतोय.”

तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. गाय डावीकडे तोंड करून उभी असो की उजवीकडे, ती गायच. कपाचा कान कुठल्याही बाजूला असला तरी कप तोच. वस्तू आणि तिचं आरशातलं रूप एकच मानायची ही सवय मेंदूत फार जुनी आहे. लिपी त्यामानानं कालची, जेमतेम पाच हजार वर्षांची. तिच्यासाठी मेंदूत वेगळी जागा तयार व्हायला अवधीच मिळालेला नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांची मांडणी अशी, की वाचायला शिकताना चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा, डाव्या कानामागे खालच्या अंगाला असलेला, अक्षरांच्या कामाला जुंपला जातो. तो जुनी सवय सोबत घेऊनच येतो. त्यामुळे पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी अक्षर आरशातलं काढलं, तर घाबरण्यासारखं त्यात काही नसतं.

डोळ्याला न उलगडणारी ही बाजू बोटाला कळते, कारण बोटाला चालावं लागतं. आधी गाठ, मग काठी, वरून खाली. फ्रान्समध्ये फ्लोरान्स बारा, एदुआर जांताझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीतल्या काही मुलांनी अक्षरं नुसती पाहिली, तर काहींनी उठावाच्या अक्षरांवरून बोटंही फिरवली. बोटं फिरवणारी मुलं नवे, निरर्थक शब्द वाचण्यात पुढे गेली. संशोधकांनी सुचवलेलं कारण मला फार पटतं. डोळा अक्षर एका झटक्यात पाहतो. आवाज मात्र एकामागून एक येतो, आणि बोटही अक्षर तसंच, तुकड्यातुकड्यानं चालत जातं. चित्र आणि आवाज यांच्यामध्ये बोट दुव्यासारखं उभं राहतं.

मारिया मॉन्टेसरी यांनी हे प्रयोगशाळेशिवाय हेरलं होतं. रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत 1907 साली त्यांनी बालघर उघडलं. लाकडी अक्षरं करून मिळेनात, तेव्हा पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलं डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायची. डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडूनं धुराडं काढायला सांगितलं. त्यानं ते काढलं, आणि एकदम ‘मला लिहिता येतं!’ म्हणत फरशीवर शब्दच लिहिला. लिहिणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा पहिला शब्द होता ‘हात’.

आपल्याकडे तर पाटीच्याही आधी धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं धुळाक्षरं काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. पुढे ताराबाई मोडक यांनी बोर्डीला 1945 मध्ये आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीनं, मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे बालवाडीत आणले. वारली मुलांच्या हाताला ते आधीपासूनच ओळखीचे होते.

परातीतल्या खेळाची खरी कसोटी पुढे आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी वाचता न येणाऱ्या, पाचेक वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन तऱ्हांनी दिली: काहींना मोकळ्या हातानं काढायला, काहींना ठिपक्यांवरून गिरवायला, काहींना कळ दाबून. मग एमआरआय यंत्रात मुलांना ती अक्षरं दाखवली. वाचनाचा भाग नीट जागा झाला तो मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांना. मुलं थोडीच होती, हे ध्यानात ठेवायला हवं. पण त्यामागचा तर्क मोलाचा आहे. मुलाचा प्रत्येक ‘ग’ वेगळा वाकडा येतो: एक पोटफुग्या, एक लंगडा, एकाची काठी परातीबाहेर. या साऱ्यांत समान काय, हे शोधता शोधता मेंदूला ‘ग’ गवसतो. छापील ठिपक्यांवरून शंभरदा गिरवलेला देखणा ‘ग’ ही संधीच देत नाही. बालवर्गाच्या वह्यांमधली ती पानंच्या पानं पाहिली की माझा जीव कळवळतो.

मराठी मुलांना एक सोय आहे. इंग्रजीत ‘डब्ल्यू’ म्हटल्यानं त्याचा आवाज कळत नाही. आपल्या ‘ग’चं नाव आणि आवाज एकच, म्हणून बोट फिरताना तो मोठ्यानं म्हणावा. अडचणही आहे. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या इवल्याशा फटीचा नि गाठीचा. बाराखडी, जोडाक्षरं धरली तर पल्ला फारच लांबतो. सोनाली नाग यांच्या कन्नड मुलांवरच्या अभ्यासात हे शिकणं चौथीपर्यंतही चालू दिसतं. तीन वर्षांच्या मुलाला घाईत गाठायचं असं इथे काहीच नाही. एका वेळी दोनच अक्षरं, तीही एकमेकांसारखी न दिसणारी, ग आणि ट, म आणि र. रवा, ओली माती, कणकेच्या वळ्या, न्हाणीघराच्या भिंतीवर ओलं बोट. चिंचोके, मणी, वाटाणे मात्र इतक्या लहान मुलांपासून लांबच ठेवावेत. ते नाकात आणि घशात जातात.

काल परातीत दोन ‘ग’ निघाले. एक इकडे बघणारा, एक तिकडे बघणारा. मध्ये तिनं बोटानं एक टिंब दिलं. “हा गूळ,” ती म्हणाली. “दोघांना.”