कर्मचारी निवासाची वीजजोडणी: हिशेब कसा केला



मागच्या हिवाळ्यातली एक सकाळ. निवासात राहणाऱ्या आपल्या सिस्टर धावत आल्या नि म्हणाल्या, "भाऊ, मीटरच्या पाठीमागची भिंत गरम लागते, जळल्याचा वासही येतोय." भिंतीच्या पलीकडे त्यांचं लेकरू झोपलं होतं. मी मेन स्विच बंद केला आणि फ्यूज काढून पाहिला. वारंवार उडतो म्हणून कुणीतरी त्यात दुहेरी तार घातली होती.

मी वायरमन नाही. पण देणगीदारांना उत्तर माझ्याकडूनच हवं असतं, म्हणून परवानाधारक वीज कंत्राटदाराजवळ बसून सगळं समजून घेतलं. फ्यूज हा राखणदार आहे. वायर तापण्याआधी त्याने वितळायचं असतं. जाड तार घातली की तो वितळत नाही, मग भिंतीतली वायर वितळते. आमची वायर ४ चौरस मिलिमीटरची, सुमारे ३० अँपिअरपर्यंतच सुरक्षित. बांधकामाच्या वेळी सहा खोल्यांत दिवे आणि पंखेच होते. आता सातपुड्याच्या थंडीत प्रत्येक घरी पाणी तापवायचा रॉड आहे. त्यात चूक काही नाही. चुलीच्या धुरात डोळे चोळत बसावं असं मी कुणालाही सांगणार नाही.

मग किती वीज लागते? वॅटला २३० ने भागलं की सिंगल फेजवर साधारण अँपिअर मिळतात. एका खोलीत रॉड १५००, इस्त्री १०००, मिक्सर ५००, टीव्ही १००, दोन पंखे १५०, पाच एलईडी ४५, म्हणजे जवळपास ३३०० वॅट. सहा खोल्या, तीन फ्रिज आणि पाण्याची एक अश्वशक्तीची मोटर मिळून २१ हजारांच्या वर, म्हणजे सुमारे ९२ अँपिअर. आकडा पाहून मी घाबरलोच. पण कंत्राटदार म्हणाले, "साहेब, सगळं एकाच वेळी कधी चालतं का?"

म्हणून सहाही कुटुंबांना आठवडाभर वही दिली. सर्वांत जड वेळ निघाली सकाळी सहा ते सात: चार रॉड, दोन मिक्सर, एक इस्त्री, मोटर आणि फ्रिज-दिवे. बेरीज सुमारे ९८०० वॅट, ४३ अँपिअर. सिंगल फेज जोडणी ४० अँपिअरपर्यंतच मिळते, म्हणून थ्री फेज घ्यायचं ठरलं.

इथे मी एक चूक करणार होतो. ४३ ला तिघांत वाटलं की प्रत्येक फेजवर १४-१५ येतात, म्हणून लहान ब्रेकर पुरेल असं मला वाटलं. पण एका फेजवर दोनच खोल्या येतात, आणि त्या दोघींचे रॉड एकाच वेळी लागू शकतात. सोबत इस्त्री, मिक्सर आणि त्याच फेजवरची मोटर धरली की २५ अँपिअर होतात. घरं कमी, तितका "सगळे एकदम लावणार नाहीत" हा भरवसा कमी. म्हणून दर फेजला ३२ अँपिअरचा मेन एमसीबी, १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि महावितरणकडे १२ किलोवॅट मंजूर भाराचा अर्ज.

खर्च वाचवायचा तर तो अर्थिंग आणि न्यूट्रलवर वाचवायचा नाही, हे मी समितीला ठामपणे सांगितलं. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर एखाद्या खोलीत व्होल्टेज २३० ऐवजी ४०० च्या दिशेने चढू शकतं. अर्थिंगचा खड्डा नवा खणायचा आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवायचे. ओल्या हाताने रॉडला स्पर्श झाला तर तोच जीव वाचवतो. बुरूज बांधण्याआधी बसून हिशेब करणाऱ्या माणसाचा प्रभूचा दाखला डिप्लोमाच्या वर्गात मी पाठ केला होता. वही घेऊन हिशेबाला मात्र यंदाच बसलो.

अर्ज गेला आहे, कंत्राटदाराचं अंदाजपत्रक समितीसमोर आहे. तोवर फ्यूजमध्ये योग्य मापाची एकेरी तार आहे. एका वेळी दोनच रॉड लावायचे, आणि ते चालू असताना मोटर किंवा इस्त्री लावायची नाही, असा नियम दारावर चिकटवला आहे. सिस्टरांची पाळी सकाळी साडेपाचला असते. त्या लेकराला घेऊन पुढच्या खोलीत झोपतात.