कॅनडाच्या वाटेवर – लेखांक ६ : कमी-जास्त तासांचा हिशेब

आपल्या कामाला लागू पडणारा एनओसी (कॅनडाच्या राष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरणातला) क्रमांक कसा शोधायचा, ते मागच्या लेखात पाहिलं. आता तासांकडे वळू. ठरलेल्या वेळेची नोकरी करणाऱ्याला हा प्रश्न फारसा छळत नाही. पण तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक, रुग्णालय बोलावील तशी ड्यूटी करणाऱ्या परिचारिका, कामं मिळतील तशी घेणारे डिझायनर यांचे अर्ज इथे अडतात. अंगी पात्रता असूनही अडतात, याचं जास्त वाईट वाटतं.

फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत गेल्या १० वर्षांतला किमान १ वर्षाचा सलग, पगारी आणि कुशल कामाचा अनुभव लागतो. तासांच्या भाषेत आठवड्याला ३० प्रमाणे एकूण १,५६० तास. अर्धवेळ असाल तर आठवड्याला १५ तास, २४ महिने. दोन ठिकाणचे तास एकत्र धरता येतात. मात्र एका आठवड्यात ३० पेक्षा जास्त केलेलं काम मोजलं जात नाही.

ही शेवटची अट नीट समजून घ्यायला हवी. समजा, एका परिचारिकेनं चार आठवड्यांत ४८, १२, ४० आणि २० तास काम केलं. बेरीज १२०, सरासरी बरोबर ३०. कागदावर सगळं ठीक दिसतं. पण ४८ आणि ४० यांचे प्रत्येकी ३०च धरले जातात आणि हिशेबात उरतात ९२ तास. म्हणून महिन्याची सरासरी काढून समाधान मानू नका. आठवड्यागणिक तक्ता करा : तारखा, प्रत्यक्ष तास, मोजण्याजोगे तास आणि त्या आठवड्याचा पुरावा. पुरावा त्या-त्या वेळी तयार झालेला हवा, म्हणजे ड्यूटी चार्ट, मस्टर, पगारपत्रक, बँकेतली जमा. नंतर आठवून लिहिलेल्या वहीला तेवढं वजन येत नाही.

मालकाच्या पत्रात पद, कामाचं स्वरूप, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते हे सगळं लेटरहेडवर, वरिष्ठांच्या किंवा एचआरच्या नाव-हुद्द्यासह सहीनं यायला हवं. आपल्याकडच्या नेहमीच्या अनुभव प्रमाणपत्रात तारखा आणि ‘वर्तणूक चांगली’ एवढंच असतं. त्यावर भागणार नाही. तास बदलते असतील तर पत्रात तसंच लिहून घ्या : कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके, तपशील सोबतच्या तक्त्यात. त्या तक्त्यावरही सही-शिक्का घ्या. सोयीसाठी सरसकट ‘आठवड्याला ४० तास’ लिहून घेतलं आणि पगारपत्रकं वेगळंच सांगू लागली, तर संशय येतो. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षं कॅनडाचं दार बंद होतं.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची अडचण आणखी खोल आहे. सत्र संपलं की नेमणूक संपते, नवा आदेश पुढच्या सत्रात निघतो, आणि ‘सलग’ ही अट नेमकी तिथे आडवी येते. मधल्या काळात त्याच एनओसीतलं दुसरं पगारी काम केलं असेल तर त्याचे कागद अवश्य जोडा. प्रत्येक सत्राचा आदेश, वेळापत्रक आणि मानधनाची देयकं जपून ठेवा. घरी केलेली तयारी कितीही कष्टाची असली तरी तिचं मानधन मिळालेलं नसेल, तर तिच्या भरवशावर तास वाढवू नका.

स्वतंत्र व्यावसायिकांना तर मालकाचं पत्रच नसतं. स्वतःच लिहिलेलं कामाचं वर्णन किंवा नोटरीचं प्रतिज्ञापत्र इथे चालत नाही. व्यवसायाची नोंदणी, उत्पन्नाचा पुरावा आणि ग्राहकांची पत्रं लागतात. त्या पत्रांत कोणतं काम केलं आणि किती पैसे दिले हे असायला हवं. ग्राहकाकडून तासही लिहून घेतले तर उत्तम. ही पत्रं काम संपताच मागून घ्या. अर्जाचं निमंत्रण आल्यावर हातात ६० दिवसच असतात, आणि तोवर एखादा ग्राहक धंदा बंद करून गेलेला असतो.

मालक पत्र द्यायला तयारच नसेल तर तसं कारण देणारं खुलासापत्र लिहा. सोबत तुम्ही केलेल्या मागणीचे ईमेल, नेमणूकपत्र, पगारपत्रकं आणि फॉर्म १६ लावा.